काट्यावर टाकलेलं पोतं

प्रिय रिद्धी,

रुसवा संपला असेल तर पुढे वाच, आणि संपला नसेल तरीही वाच, कारण चिठ्ठी फाडायच्या आधी ती दोनदा वाचायची ही तुझी सवय शाळेपासूनची आहे. काकांचा प्रणव शनिवारी पुण्याला येतोय. त्याच्या हातून सुकेळ्यांचा पुडा आणि हा लिफाफा पाठवतेय. फोन का केला नाहीस, असं विचारशील. केला होता बाई, तू उचलला नाहीस. आणि आता तू उचलशील याचीच मला भीती वाटते, कारण माझा आवाज तुला लगेच कळतो. आवाज कानावर पडायच्या आधी तू सगळं नीट वाचावंस म्हणून हा कागद घेऊन बसलेय.

तर तो फोटो. आईचं मोरपिशी ब्लाउज घालून आरशासमोर काढलेला. ग्रुपवर सगळ्यांनी बदाम पाठवले, आपल्या बाबांनीसुद्धा अंगठा दाखवला, आणि त्यांना तो कसा दाखवायचा हे कालपरवापर्यंत माहीत नव्हतं. फक्त ताईचं काही नाही. मग तू मला वेगळा मेसेज टाकलास की, ताई, तुला माझं बारीक होणं बघवत नाही. वाचून आधी मला राग आला, मग रडू आलं, आणि मग लक्षात आलं की तुझं म्हणणं खरंच आहे. मला तुझं बारीक होणं बघवत नाही. पण माझंही बघवत नाही गं. यात जळण्याचं काही नाही. मी घाबरलेय, रिद्धी. गणपतीपासून आजपर्यंत माझं वजन उतरतंय आणि दिवाळीपासून माझा जीव टांगणीला लागलाय, हे तुला सोडून सांगू कोणाला?

आत्ता दुपार आहे. पतपेढीला सुट्टी टाकलीय. अंगणातल्या मांडवावर सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलून उन्हात घातलीत आणि मी हातात काठी घेऊन कावळे हाकत बसलेय. यंदा घड चांगले आले. बाबा सकाळपासून केळी सोलत होते, आता ओट्यावर लवंडलेत. ते ठीक आहेत, म्हणजे तुझ्या-माझ्यापेक्षा ठीक. गिऱ्हाईक आलं की अजूनही विचारतात, सुकेळी खायला हवीत की पाहुण्यांना दाखवायला? शेजारच्या लूर्डस आंटी कुंपणापलीकडून अबोली तोडता तोडता त्यांना उत्तरं देतात. आपल्या होळी गावात सगळं होतं तसंच आहे. फक्त खोपटातल्या वजनकाट्यावर मी एक पोतं टाकून ठेवलंय, आणि ते तिथे का आहे हे बाबांनी मला अजून विचारलेलं नाही.

तुझ्याच मागे लागण्याने मी डॉक्टरांकडे गेले, हे विसरू नकोस. तू ते वजन उतरवायचं इंजेक्शन सुरू केलंस, तुझं वजन उतरायला लागलं आणि मग तू रोज माझ्या मागे भुणभुण लावलीस की ताई, आपलं दोघींचं शरीर एकाच मातीचं आहे, तूही तपासून घे. गेले एकदाची. डॉक्टर इनेझ तुस्कानो म्हणून आहेत, वयाने तुझ्याएवढ्या, बोलायला तुझ्याहून गोड. त्यांनी रक्ताचे रिपोर्ट बघायच्या आधी मला मान वळवायला सांगितली. ओढणी बाजूला केली, मानेवरच्या त्या काळपट पट्ट्यावर बोट फिरवलं आणि म्हणाल्या, हा कधीपासून आहे? मी म्हटलं, आठवतंय तेव्हापासून. तुला आठवतं ना, आई दर रविवारी मला न्हाणीघरात बसवून काथ्याने ती मान घासायची? पोरीची जात, मान अशी मळकट ठेवून कसं चालेल, म्हणायची. मी रडायचे आणि ती आणखी जोर लावायची. तो मळ नव्हताच. डॉक्टर म्हणाल्या, याला इन्शुलिन रेझिस्टन्स म्हणतात. शरीर इन्शुलिन बनवतं, भरपूर बनवतं, पण पेशी त्याला दाद देत नाहीत. आई हाका मारून मारून घसा बसवून घेते आणि पोरं खेळातून उठत नाहीत, तसं. मग शरीर आणखी इन्शुलिन ओततं आणि ते जास्तीचं इन्शुलिन चरबी साठवत राहतं. म्हणजे इतकी वर्षं मी आळशी, खादाड, जिभेवर ताबा नसलेली म्हणून जे ऐकून घेतलं, त्यातलं निम्मं तरी माझं नव्हतं. तिथे खुर्चीवर बसून मला इतकं हलकं वाटलं की मी डॉक्टरांसमोर हसायलाच लागले.

मला इंजेक्शन नाही दिलं. जेवणानंतर घ्यायची गोळी दिली. सुरुवातीला पोटाचे असे हाल झाले की पतपेढीत माझी खुर्ची संडासाजवळ हलवावी का, असं मॅनेजर गंभीरपणे विचारत होते. मग पोट सरावलं. ताटातला क्रम बदलला. आधी भाजी, मग मासा किंवा डाळ, आणि भात शेवटी, तोही वाटीभर. भात शेवटी खायचा म्हणजे लग्नात नवऱ्यामुलाला शेवटच्या पंगतीत बसवण्यासारखं आहे, पण केलं. संध्याकाळी मितेश आणि मी नवरा-बायको जोडीने किल्ल्यापर्यंत चालत जातो. डॉक्टर म्हणाल्या नुसतं चालून भागणार नाही, स्नायूंना काम द्या, म्हणून बाबांच्या पाण्याच्या कळशा मी उचलायला लागले. आणि खरंच सांगते, फरक पडला. मानेचा तो पट्टा फिका होत गेला. दुपारी पेंग येईनाशी झाली. पाळी वेळेवर आली, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच. मी खूश होते, रिद्धी. तुला सांगणारही होते.

मग दिवाळीच्या आधी एकदा मी कळशी घेऊन कुंपणाजवळून जात होते आणि लूर्डस आंटींनी हातातली फुलं परडीत टाकून मला हाक मारली. म्हणाल्या, बाय गो, कसली बारीक झाली तू! डिट्टो तुझी आई. त्या प्रेमानेच म्हणाल्या. माझ्या हातातून कळशी निसटली आणि पायावर पाणी सांडलं. त्या हसल्या, मीही हसले. आणि त्या दिवसापासून माझी झोप गेली.

आईचं तुला सगळं माहीत आहे, पण तू पुण्यात होतीस आणि शनिवार-रविवार यायचीस, म्हणून मधले दिवस तुझ्या वाट्याला आले नाहीत. तिलाही साखर काठावर आहे, चाला आणि गोड बंद करा, असंच सांगितलं होतं. तिने चहातली साखर सोडली, पण सुकेळी सोडली नाहीत. ते फळ आहे, आपल्या झाडाचं आहे, त्यात मी कुठे साखर घातलीय, असं तिचं म्हणणं. आणि तरीही तिचं वजन उतरत गेलं. ती वाडीतून फेऱ्या मारून यायची, चपला काढायची आणि घड मोजायच्या काट्यावर उभी राहायची. बाबा ओट्यावरून ओरडायचे की, घड हलका झाला, आता व्यापारी घ्यायचा नाही. ती लाजायची. साठीची बाई, पण काट्यावरून उतरताना नव्या नवरीसारखी लाजायची. तेव्हाच तिने ती सगळी ब्लाउजं शिंप्याकडे नेऊन आत घेतली. त्यातलंच एक तू घातलंयस. तिच्या शेवटच्या महिन्यांच्या मापाचं आहे ते, रिद्धी. ते तुला बसलं म्हणून तू आनंदाने फोटो काढलास आणि मी फोन हातात घेऊन ओट्यावर खाली बसले.

पाठ दुखते म्हणायची, तर आम्ही म्हटलं, वाडीत वाकून दुखत असेल. जेवण जात नाही म्हणायची, तर म्हटलं, बघा, जिभेवर केवढा ताबा आलाय. पोटात टोचतं म्हणून एका डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले बहुतेक ॲसिडिटी आहे. आणि मग प्रणवची हळद. मांडवात धवलारीण बाई गाणी म्हणत होत्या, आई हळदीने नखशिखांत माखली होती आणि साऱ्या बायका तिला म्हणत होत्या की, चंद्रकांता, तू काकू कसली, करवली शोभतेस. ती हसत होती. तिच्याइतकं सुंदर त्या मांडवात कोणीच दिसत नव्हतं. आपण तिचे किती फोटो काढले! सगळा गाव पिवळा होता, मग तिच्याकडे वेगळं कोण बघणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी न्हाणीघरात आपण तिघीच होतो. तू गरम पाणी आणत होतीस आणि मी तिचं तोंड धुऊन देत होते. हळद निघेना. मी डाळीचं पीठ लावलं, साबण लावला, शेवटी काथ्या घेतला आणि तिचं कपाळ घासलं. ती म्हणाली, आपल्या वाडीतली हळद हाय बाय, अशी सुटेल कशी? मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि तिचे डोळे पिवळे होते. हळद डोळ्यांत जात नाही. तुझ्या हातातली बादली तू खाली ठेवलीस तो आवाज मला अजून ऐकू येतो. माझा आजार तिने मळ समजून घासला आणि तिचा मी हळद समजून. आपल्या घरात कोणाला काही दिसलंच तर ते असं, घासून झाल्यावर. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, आणि पावसाळ्याच्या आत ती गेली.

आता कळलं ना, मी बदाम का नाही पाठवला?

लूर्डस आंटी तसं म्हणाल्या तेव्हापासून मी रोज सकाळी खिडकीशी आरसा नेऊन डोळे बघते. खालची पापणी ओढून बघते. लघवीचा रंग बघते. पाठीत जरा उसण भरली की हातातलं काम टाकून बसते आणि ती डावीकडे आहे की मध्ये आहे हे चाचपत राहते. रस्त्यात कोणी ओळखीचं दिसलं की मी वाट बदलते, कारण ते मला छान दिसतेस म्हणतील. लोकांना वाटतं, नेत्राला वजन उतरल्याचा माज आलाय, बोलत नाही. मितेश बिचारा रोज कौतुक करतो. माझ्या मनगटातल्या बांगड्या सैल झाल्या म्हणून खुशीत येतो, आणि मला ती त्याची खुशी त्या मांडवातल्यासारखी वाटते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते मला आता पाठ झालंय. गोळीचा गुण आणि त्या रोगाचं काम, दोन्ही बाहेरून एकसारखंच दिसतं. काट्याला त्यातलं काय कळतं? तो नुसता खाली येतो.

म्हणून मी एक ठरवलं. तुला वेडेपणा वाटेल, वाटू दे. मी ठरवलं की आपणच वजन वाढवून बघायचं. वाढलं तर समजायचं की आतून सगळं ठीक आहे, ते आपल्या हातात आहे. मितेश ताटाशेजारी गोळी काढून ठेवतो, ती मी मुठीत घेऊन मोरीत टाकायला लागले. आणि सुकेळी खायला लागले. मागच्या वर्षीच्या बरण्या होत्याच, मग यंदाची ओलसर, अर्धवट वाळलेलीसुद्धा. कोणी नसताना या मांडवाखाली उभी राहून, एकामागून एक. साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं स्वतःला म्हणत खाल्ली. गंमत बघ, आयुष्यभर मी खाताना कोणी बघेल म्हणून लपले, पण बारीक व्हायच्या भीतीने लपून खाणारी आपल्या खानदानात मी पहिलीच असेन. चव कळत नव्हती. प्रत्येक घासाला मी मनात म्हणत होते, चढ, मेल्या, चढ.

डॉक्टरांकडची तारीख मी चुकवली. फोन आला तर पतपेढीत ऑडिट आहे म्हणून सांगितलं. संक्रांत झाली, तिळगूळही भरपूर झाला, आणि माझी खात्री होती की आता फरक दिसणार. गेल्या रविवारी बाबा देवळात गेले असताना मी खोपटात गेले, काट्यावरचं पोतं काढलं आणि चपला काढून उभी राहिले.

वजन उतरलं होतं, रिद्धी. गोळी नाही, पथ्य नाही, रोजची सुकेळी, आणि तरी उतरलं होतं. आधीच्यापेक्षा जास्त. मला वाटलं काटा बिघडला. एक घड ठेवून बघितला, मग दुसरा. काटा बरोबर होता. तशीच स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये गेले, तिथल्या काट्यावर उभी राहिले, तर तोच आकडा. दुकानातला क्लिफर्ड म्हणाला, ताई, कसलं भारी मेंटेन केलंय तुम्ही, कुठला डाएट? घरी येऊन मी पोतं परत काट्यावर टाकलं आणि चारी टोकं नीट आत खोचली, जणू त्याने काही होणार आहे.

सोमवारी डॉक्टरांना सगळं सांगितलं. मोरीतल्या गोळ्या, सुकेळी, आई, हळद, सगळं. मला वाटलं होतं रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, आईचं हे मला पहिल्या दिवशी सांगायला हवं होतंत. मी म्हटलं, तोंडातून निघालं नाही. मग त्यांनी मला समजावलं की, गोळ्या सोडल्या आणि वर एवढं गोड खाल्लं, तर साखर बेसुमार वाढते, शरीराला ती वापरता येत नाही, ती लघवीवाटे निघून जाते आणि तसंही वजन उतरतं. तुमची तहान वाढलीय ना? वाढलीय. मग बहुतेक तेच असणार, म्हणाल्या. तिथेच बोटातून थेंब काढून साखर बघितली, ती खूपच वाढलेली निघाली, आणि त्यांच्यासमोर गोळी घ्यायला लावली. पण उठता उठता त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, घरात हा इतिहास असताना मी तुम्हाला नुसत्या बहुतेकवर घरी पाठवणार नाही, पोटाचा सीटी स्कॅन करून घेऊ. त्यांनी बहुतेक म्हटलं आणि मला ॲसिडिटी आठवली. तूही तुझ्या डॉक्टरांना आईचं सांगितलंयस का? नसशील तर उद्याच सांग. तुझं इंजेक्शन चांगलंच असेल, तू नीट दाखवून घेतेयस हेही मला माहीत आहे, तरी सांग.

स्कॅन येत्या गुरुवारी सकाळी आहे, आणि हे सगळं लिहिलं ते एवढ्यासाठी की तू बुधवारी ये. बाबांना सांगितलेलं नाही, त्यांना पतपेढीचं काम म्हणून सांगेन. मितेशला काल सांगितलं. तो रडला नाही, चिडला नाही, रिक्षा सांगून ठेवली, किती वाजल्यापासून उपाशी राहायचं ते विचारून आला, आणि तेव्हापासून काही नसणार, काही नसणार, असं म्हणतोय. तो माझ्यासोबत असेलच. पण त्या सकाळी तो न्हाणीघरात नव्हता. ज्याने तो पिवळा रंग बघितलाय, असं एक माणूस मला बाहेरच्या बाकावर हवंय. धीर देऊ नकोस, तो द्यायला इथे सगळा गाव आहे. माझ्याइतकंच घाबरून माझ्याशेजारी नुसती बस. पुड्यातली सुकेळी तुझ्या सासूबाईंना दे, तू एकही खाऊ नकोस. ते मोरपिशी ब्लाउज आण किंवा नको आणूस, तुझी मर्जी, तुला ते खरंच शोभतं, हे मी आता लिहून टाकलंय. फक्त बुधवारी फाटकातून आत येशील आणि मला बघशील, तेव्हा बाकी काहीही म्हण, भांड, शिव्या घाल, पण ताई, बारीक झालीस, एवढं मात्र म्हणू नकोस.

तुझीच,
फाटकाशी वाट बघत उभी असलेली,
ताई